मधूनच थांबणारा गारवा : जुन्या गाडीच्या एसीतील लपलेला बिघाड

जुन्या गाडीचा एसी कायमचा बंद पडला, तर त्याचे कारण शोधणे फारसे अवघड नसते, कारण बिघाड गॅरेजमध्येही तसाच समोर उभा असतो आणि एकेक भाग तपासत गेले की तो सापडतो. खरी कसोटी लागते ती सकाळी उत्तम चालणाऱ्या, दुपारी सिग्नलवर गरम हवा सोडणाऱ्या आणि संध्याकाळी गॅरेजच्या दारात पोचताच पुन्हा नीट गार होणाऱ्या एसीच्या बाबतीत. अशा वेळी मेकॅनिकला दाखवण्यासारखे काहीच उरत नाही, आणि काहीतरी केले पाहिजे म्हणून गॅस भरला जातो. दोन-चार दिवस बरे जातात, आणि ऊन तापले की तीच तक्रार पुन्हा सुरू होते. या फेऱ्यात कंप्रेसर, कूलिंग कॉइल असे महागडे भाग एकामागून एक बदलले जातात, आणि मूळ दोष मात्र एखाद्या स्वस्तातल्या रिलेत किंवा गंजलेल्या जोडणीत तसाच राहतो. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचे निदान म्हणजे मुख्यतः तो कोणत्या परिस्थितीत होतो याचे निदान असते, आणि तो प्रत्यक्ष चालू असताना दोन-चार मिनिटांत जेवढे कळते, तेवढे तो नसताना दिवसभर तपासूनही कळत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

येथे विचार केला आहे तो भारतात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढील दहा-पंधरा वर्षांत विकल्या गेलेल्या लहान गाड्यांचा. मारुती ८००, झेन, वॅगन आर, सँट्रो, इंडिका या पिढीतील पुष्कळ गाड्या तालुक्याच्या गावांत आणि शहरांच्या उपनगरांत अजूनही रोज रस्त्यावर असतात. त्यांच्या एसीची रचना बरीचशी सारखी आहे : इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा ठरावीक क्षमतेचा कंप्रेसर, तो जोडणारा आणि सोडणारा विद्युतचुंबकीय क्लच, आणि आर-१३४ए या नावाने ओळखला जाणारा गॅस. अलीकडच्या काही गाड्यांत कंप्रेसरची क्षमता कमी-जास्त होते आणि क्लच नसतोही. त्यांची तपासणी वेगळ्या पद्धतीने करावी लागते.

बिघाड समजण्यासाठी मूळ कार्य समजणे आवश्यक आहे. माठातले पाणी झिरपून त्याची वाफ होताना ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते आणि पाणी गार होते. एसीतही उष्णता उचलण्याचे काम द्रवाची वाफ होण्यानेच घडते, फरक एवढाच की येथे वाफ वाया न जाता पुन्हा द्रव करून वापरली जाते. आर-१३४ए हा द्रव मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो, पण दाब वाढवला की त्याचे उकळण्याचे तापमानही वाढते, आणि संपूर्ण यंत्रणा या एका गुणधर्मावर उभी आहे. डॅशबोर्डच्या मागे असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये दाब साधारण ३० पीएसआय (टायरमध्ये हवा भरताना वापरले जाते तेच दाबाचे माप) ठेवला जातो, त्यामुळे द्रव तेथे एक-दोन अंशांना उकळतो आणि कॉइलवरून जाणाऱ्या हवेतील उष्णता शोषून घेतो. तयार झालेली वाफ कंप्रेसर ओढून घेतो आणि दाबून २०० ते २५० पीएसआयपर्यंत नेतो. या दाबाला तीच वाफ सुमारे ५५ ते ६० अंशांना पुन्हा द्रव होऊ शकते, म्हणून रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमधून ती ४० अंशांच्या उन्हाळी हवेलाही उष्णता देऊ शकते. पुढे हा द्रव ड्रायर नावाच्या डब्यातून जातो, ज्यातील दाणे ओलावा शोषतात, आणि एक्स्पान्शन वाल्व्हच्या अरुंद छिद्रातून कूलिंग कॉइलमध्ये शिरताना त्याचा दाब एकदम उतरतो.

या चक्राला चालू-बंद करणारी विजेची साखळी मात्र बहुतेक गाडीमालकांच्या नजरेआड राहते, आणि मधूनच होणाऱ्या बिघाडांपैकी फार मोठा वाटा तिचाच असतो. डॅशबोर्डवरचे बटण दाबले की लगेच कंप्रेसर फिरू लागतो असे नाही. कूलिंग कॉइलला टेकवलेला तापमापक ती गोठण्याइतकी थंड झालेली नाही याची खात्री करतो. नळीवरचा प्रेशर स्विच गॅसचा दाब धोक्याइतका कमी किंवा जास्त नाही हे पाहतो. इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, जेथे तो असेल तेथे, इंजिन फार तापलेले नाही आणि त्यावर अतिरिक्त ताण नाही हे तपासतो. आणि या सर्वांची संमती मिळाली की रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच, क्लचच्या कॉइलकडे वीज सोडतो. यांपैकी कोणीही एकाने नकार दिला तरी कंप्रेसर थांबतो. हा नकार पुष्कळदा योग्यच असतो. कूलिंग कॉइल पुरेशी गार झाली की क्लच सुटणे आणि ती थोडी तापली की पुन्हा जोडला जाणे, हे या पिढीतील एसीचे रोजचे वागणे आहे, आणि थंडीच्या दिवसांत ते वारंवार घडते. एप्रिलच्या दुपारी, दारे-खिडक्या उघड्या असताना आणि ब्लोअर पूर्ण वेगावर असताना, क्लच दर काही सेकंदांनी सुटत-जोडत असेल तर मात्र ते दुखणे समजावे.

म्हणून गार हवा थांबली की सर्वप्रथम गाडी सुरक्षित जागी उभी करून, इंजिन आणि एसी चालूच ठेवून, तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आत येणाऱ्या हवेचा जोर पूर्वीइतकाच आहे की कमी झाला आहे. दुसरी, बॉनेट उघडल्यावर कंप्रेसरच्या पुलीच्या मध्यभागी असलेली चकती फिरत आहे की स्थिर आहे. पुली स्वतः तर इंजिन चालू असेपर्यंत फिरतच राहते, पण मधली चकती क्लच जोडला गेल्यावरच फिरते. तिसरी, कंडेन्सरचा पंखा चालू आहे की नाही. हे पाहताना ओढणी, सैल बाह्या आणि हात पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण पंखा कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होऊ शकतो. या तीन निरीक्षणांनी शोधाचे क्षेत्र कितीतरी आकसते. चकती फिरत नसेल तर दोष क्लचमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या विजेच्या मार्गात आहे, अथवा दाबामुळे किंवा तापमानामुळे तो मार्ग मुद्दाम तोडला गेला आहे. चकती फिरत असूनही गारवा नसेल तर दोष गॅसच्या प्रवाहात किंवा हवेच्या मार्गात आहे. याच्या जोडीला गाडी चालू होऊन किती वेळ झाला होता, ती उभी होती की वेगात होती, चढ होता की सपाटी, आणि एसी काही मिनिटे बंद ठेवल्यावर गारवा परत आला का, याची नोंद लिहून ठेवावी. अशा चार-पाच नोंदी घेऊन येणारा गाडीमालक चांगल्या मेकॅनिकचे अर्धे काम करूनच आलेला असतो.

जुन्या गाड्यांत सर्वाधिक फसवणारा दोष क्लचच्या चकतीचा आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. क्लचच्या कॉइलमधून वीज वाहू लागली की ती चुंबक बनते आणि समोरची पोलादी चकती ओढून पुलीच्या पृष्ठभागावर घट्ट चिकटवते. वीज नसताना या दोन पृष्ठभागांत अगदी बारीक फट असते. अनेक कंप्रेसरांत ती साधारण ०.३५ ते ०.६ मिलिमीटर असावी अशी अपेक्षा असते. वर्षानुवर्षे चकती चिकटताना आणि सुटताना दोन्ही पृष्ठभाग झिजतात आणि फट वाढत जाऊन एक मिलिमीटरच्या आसपास पोचते. चुंबकाची ओढ अंतर वाढले की झपाट्याने घटते, त्यामुळे वाढलेली फट बुजवण्यासाठी त्याला पूर्ण ताकद लागते. आणि नेमकी ती ताकद उष्णतेने कमी होते. तांब्याच्या तारेचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ३.६ ओहम रोध असलेली कॉइल इंजिनच्या उष्णतेने १०० अंशांपर्यंत तापली की तिचा रोध ४.७ ओहमच्या घरात जातो, १३.५ व्होल्टला तिच्यातून वाहणारा प्रवाह पावणेचार अँपिअरवरून तीन अँपिअरच्याही खाली येतो. आणि ओढ ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते. त्यात सिग्नलवर इंजिन मंद चालत असताना, दिवे आणि ब्लोअर चालू असताना, बॅटरीचा व्होल्टेजही उतरलेला असतो.

या हिशेबातून बिघाडाचे विशिष्ट रूप आपोआप स्पष्ट होते. गाडी थंड असताना क्लच व्यवस्थित जोडला जातो, आणि एकदा जोडला गेला की फटच उरत नसल्यामुळे कमी ताकदीतही तो चिकटून राहतो. अर्ध्या-पाऊण तासाने कूलिंग कॉइल पुरेशी गार होऊन तापमापकाने क्लच सोडला, की तो पुन्हा जोडण्याची आज्ञा येते तेव्हा क्लचच्या तापलेल्या कॉइलला वाढलेली फट ओलांडता येत नाही. आत गरम हवा येऊ लागते. गाडी तासभर उभी राहून थंड झाली की सर्व काही पूर्ववत होते, आणि गॅरेजमध्ये दाखवायला काही उरत नाही. खात्री करण्याचा मार्ग सरळ आहे : बिघाड चालू असताना क्लचच्या तारेवर मल्टिमीटर लावावा. तेथे बारा व्होल्टहून अधिक वीज पोचत असेल, क्लचचे अर्थिंग, म्हणजे वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाण्याचा मार्ग, हेही पक्के असेल, आणि तरीही चकती हलत नसेल, तर दोष क्लचमध्येच आहे हे सिद्ध होते. गॅसचा या प्रकाराशी काहीही संबंध नसतो. पुष्कळ कंप्रेसरांत चकतीच्या मागे पातळ वॉशर असतात, ज्यांना शिम म्हणतात. त्यांपैकी एक काढून फीलर गेजने फट मोजून घेतली की हा दोष नव्या कंप्रेसरच्या किमतीच्या अगदी लहान अंशात दूर होतो. चकतीचा पृष्ठभाग जळून निळसर पडला असेल किंवा पुलीचे बेअरिंग आवाज करत असेल तर क्लचचा संच बदलावा लागतो, पण तेव्हाही संपूर्ण कंप्रेसर बदलण्याची गरज असतेच असे नाही. ज्या गॅरेजमध्ये मल्टिमीटर न लावताच कंप्रेसर गेला असे सांगितले जाते, तेथे दुसरे मत घेणे केव्हाही शहाणपणाचे ठरते.

क्लचपर्यंत वीज पोचतच नसेल तर साखळीत मागे मागे जावे लागते. रिलेच्या आतील संपर्कबिंदू वर्षानुवर्षे ठिणग्या सोसून काळवंडतात, किंवा आतल्या डाखाला केसाएवढी चीर पडते, जी गार असताना जुळलेली असते आणि तापल्यावर उघडते. रिले ज्या बॉक्समध्ये असतो त्याच बॉक्समध्ये तशाच मापाचा आणि जोडणीचा हॉर्नचा रिले असेल तर दोन्हींची अदलाबदल करून पाहणे ही अनुभवी मेकॅनिकांची जुनी आणि उपयुक्त रीत आहे. अर्थिंगही तितकेच महत्त्वाचे. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेने अर्थिंगच्या बोल्टाखाली गंज धरतो. वरून घट्ट दिसणारी जोडणी प्रत्यक्षात अर्धवटच वीज वाहून नेते, आणि गाडी खड्ड्यांतून गेली की तीही तुटते. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे कंप्रेसरच्या अंगाला लावून, क्लच चालू असताना मोजले, तर तेथे अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसता कामा नये. दिसला, तर सँडपेपरने जोडणी घासून पुन्हा बसवणे हाच उपाय, आणि त्याला खर्च जवळपास नाहीच.

प्रेशर स्विचबाबत मात्र एक धोक्याची सवय सर्वत्र दिसते. त्याचा प्लग काढून दोन टोके तारेने जोडली की कंप्रेसर चालू होतो, म्हणून स्विच खराब आहे असा निष्कर्ष काढला जातो. गॅस खरोखरच कमी असेल तर स्विचने आपले कर्तव्यच केलेले असते, आणि तो टाळून कंप्रेसर चालवला तर वंगण घटते, कारण कंप्रेसरचे तेल गॅसबरोबरच यंत्रणेत फिरत असते. गॅस अपुरा असला की तेलही परत येत नाही आणि कंप्रेसर आतून घासून निकामी होतो. स्विचवर संशय घेण्याआधी गेज लावून प्रत्यक्ष दाब पाहिलाच पाहिजे.

घाटात एसी बंद पडण्याची तक्रारही बऱ्याचदा एसीची नसते. बोर घाट किंवा खंबाटकी चढताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला गेला की अनेक गाड्यांचा संगणक काही सेकंदांपुरता कंप्रेसर सोडतो, जेणेकरून इंजिनची सगळी ताकद चाकांना मिळावी. हे रचनेतच आहे. इंजिनचे तापमान मर्यादेबाहेर जाऊ लागले तरीही तो कंप्रेसर बंद ठेवतो. चढावर दर वेळी एसी जात असेल आणि त्याच वेळी तापमानाचा काटा वर सरकत असेल, तर रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि कूलंट यांची तपासणी करावी. एसीच्या मेकॅनिककडे त्याचा इलाज नाही.

चकती फिरत असतानाही गारवा नसेल तर गेजचा उपयोग खऱ्या अर्थाने सुरू होतो, आणि येथेच सर्वांत मोठा गैरसमज आढळतो. इंजिन बंद असताना गेज लावून गॅस पूर्ण आहे असे सांगणे निरर्थक आहे. यंत्रणेत थोडा तरी द्रव शिल्लक असेपर्यंत स्थिर दाब हा गॅसच्या प्रमाणावर अवलंबून नसतो, तो केवळ तापमानावर ठरतो. ३० अंशांना आर-१३४ए चा दाब सुमारे ९७ पीएसआय दिसतो आणि ४० अंशांना सुमारे १३३ पीएसआय, मग आत भरपूर गॅस असो वा निम्मा. दाब अर्थपूर्ण ठरतो तो इंजिन चालू असताना, ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवून, कमी दाबाची आणि जास्त दाबाची अशा दोन्ही बाजू एकत्र पाहिल्यावर, आणि तोही बिघाड घडत असतानाच. दोन्ही बाजू कमी असतील तर गॅस अपुरा असण्याची शक्यता मोठी. कमी दाबाची बाजू जास्त आणि जास्त दाबाची बाजू कमी, असे दोन्ही काटे एकमेकांकडे सरकलेले असतील तर कंप्रेसर आतून झिजला असावा. कमी दाबाची बाजू शून्याच्याही खाली, म्हणजे निर्वाताकडे जात असेल तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

दोन्ही बाजू जास्त असतील तर बहुधा कंडेन्सर आपली उष्णता बाहेर टाकू शकत नसतो, आणि शहरांतील सर्वांत परिचित तक्रार यातूनच येते : गाडी महामार्गावर गार, वाहतुकीच्या कोंडीत गरम. गाडी वेगात असताना वारा आपणहून कंडेन्सरमधून वाहतो. ती थांबली की सगळी भिस्त पंख्यावर येते. पंख्याच्या मोटारीतील कार्बन ब्रश झिजले असतील तर ती कधी फिरते, कधी अडकते, आणि कधी टकटक केल्यावर पुन्हा फिरू लागते. पंखा थांबला की दाब चढत जाऊन सुमारे ४५० पीएसआयच्या आसपास प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो. दाब उतरला की तो पुन्हा सुरू होतो, आणि आतल्या माणसाला एसी मनाला येईल तेव्हा चालतो असे वाटत राहते. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साचलेली धूळ, किडे आणि प्लास्टिकचे तुकडेही हाच परिणाम करतात, आणि समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसत असल्यामुळे ते नजरेतून सुटतात. या कुळातील दोष ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे : गाडी उभी असताना गारवा गेला की कंडेन्सरच्या जाळीवर हळूहळू साधे पाणी ओतावे. मिनिटभरात आत गार हवा येऊ लागली, तर दोष पंख्यात, जाळीच्या घाणीत किंवा जास्त भरलेल्या गॅसमध्ये आहे. गॅस जास्त भरला जाणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. न मोजता थोडा थोडा भरत गेल्याचा तो परिणाम असतो.

लांबच्या प्रवासात तासाभराने गारवा जातो आणि चहाला थांबून निघाले की परत येतो, या तक्रारीमागे बर्फ असू शकतो, पण तो दोन ठिकाणी होतो आणि दोन्हींची कारणे निराळी आहेत. कूलिंग कॉइलला टेकवलेला तापमापक बिघडला किंवा जागचा सरकला, तर कंप्रेसर वेळेवर सुटत नाही आणि कॉइलच्या बाहेरच्या पृष्ठभागावर हवेतील ओलावा गोठत जातो. बर्फाने पाकळ्यांमधल्या फटी बुजल्या की ब्लोअरचा आवाज तसाच राहतो आणि हवेचा जोर मात्र घटतो. पावसाळ्यातील दमट हवेत हे लवकर घडते, आणि थांबल्यावर गाडीखाली नेहमीपेक्षा बरेच जास्त पाणी गळते. दुसरा बर्फ यंत्रणेच्या आत होतो. पूर्वी कधी नळ्या उघडल्या गेल्या असतील आणि ड्रायर न बदलता, पुरेसा निर्वात न करता गॅस भरला असेल, तर आत राहिलेला पाण्याचा अंश एक्स्पान्शन वाल्व्हच्या छिद्रात गोठतो आणि गॅसची वाट अडवतो. या वेळी हवेचा जोर पूर्ण असतो, हवा तेवढी गरम असते, आणि कमी दाबाचा काटा निर्वाताकडे झुकलेला असतो. म्हणून हवेचा जोर या एका निरीक्षणावर दोन्ही बिघाडांतील फरक कळतो, आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

सर्व काही ठीक असूनही गारवा कमी-जास्त होत असेल तर हीटरकडे पाहावे. जुन्या गाड्यांत गरम पाणी अडवणारा हीटर कॉक झिजला किंवा त्याची केबल सैल झाली की गरम पाणी हीटरच्या जाळीतून झिरपत राहते, आणि गार केलेली हवा बाहेर येण्यापूर्वी पुन्हा तापते. बॉनेटखाली हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या गरम लागत असतील तर संशय खरा ठरतो.

आता गॅस कमी असण्याच्या शक्यतेकडे. ती खरी असतेच, आणि जुन्या गाडीत सामान्यही असते : कंप्रेसरच्या दांड्यावरचे सील, नळ्यांच्या जोडांवरील रबरी रिंगा, गॅस भरण्याच्या तोंडातील लहान वाल्व्ह, दगड लागलेला कंडेन्सर आणि ओल्या पालापाचोळ्याने कुरतडली गेलेली कूलिंग कॉइल, यांतून गॅस हळूहळू झिरपतो. जोडाभोवती तेलकट, धूळ धरलेला डाग दिसणे ही गळतीची जुनी आणि भरवशाची खूण आहे, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर पडते. पण गॅस हा पेट्रोलसारखा खर्च होणारा पदार्थ नाही. तो बंद चक्रात फिरतो, आणि कमी झाला असेल तर तो कुठून तरी गेलेला असतो. गळती न शोधता दर उन्हाळ्यात तो भरून घेणे म्हणजे दोष कायम ठेवून त्याचे हप्ते भरत राहणे होय. योग्य पद्धत अशी की उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यावा, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने जागा शोधावी, ती दुरुस्त करावी, ड्रायर बदलावा, अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम पंप चालवून हवा आणि ओलावा काढावा, आणि मग बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेला गॅस वजनावर मोजून, ग्रॅममध्ये भरावा. लहान गाडीच्या यंत्रणेत गॅस जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास मावतो, त्यामुळे पन्नास-शंभर ग्रॅमचा फरकही गारव्यावर दिसतो, आणि दाबाच्या काट्यावर किंवा अंदाजावर विसंबणे परवडत नाही. गळती बुजवण्याचे रसायन विकत मिळते, पण ते एक्स्पान्शन वाल्व्ह आणि मेकॅनिकचे यंत्र दोन्ही चोंदवू शकते, म्हणून टाळावे. एलपीजीमिश्रित स्वस्त गॅस तर कधीच भरू नये. कूलिंग कॉइल फुटली तर तो ज्वलनशील गॅस थेट बसलेल्या माणसांपर्यंत येतो.

गळणाऱ्या गॅसचा हिशेब गाडीपुरता राहत नाही. आर-१३४ए ओझोनच्या थराला इजा करत नाही, म्हणूनच १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जुन्या आर-१२ या गॅसच्या जागी तो आला. पण शंभर वर्षांच्या काळात मोजले तर वातावरण तापवण्याची त्याची शक्ती तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या १,४०० पटींच्या घरात आहे. अर्धा किलो गॅस हवेत सोडणे हे सुमारे सातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे, आणि नळी सैल करून फुस्स आवाजात तो सोडून देण्याची पद्धत आजही अनेक गॅरेजांत चालू आहे.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच की, गॅस भरावा लागेल असे सांगितले गेले तर आधी गळतीची जागा दाखवण्याचा आग्रह धरावा, जुना गॅस यंत्राने काढून घेण्याची सोय असलेलेच गॅरेज निवडावे, आणि बिलावर किती ग्रॅम निघाला व किती ग्रॅम भरला हे दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. निघालेला गॅस लेबलवरील वजनाइतकाच असला, तर बिघाड गॅसचा नव्हता हे त्याच क्षणी कळते, आणि शोध पुन्हा क्लच, रिले आणि पंख्याकडे वळवता येतो.